१९५६ : एका वर्षाचा भारत, चांद्याच्या बाजूने पाहिलेला

स्पर्धा परीक्षेच्या पुस्तकांत १९५६ सालासमोर साधारणपणे तीन-चार ओळी असतात. राज्य पुनर्रचना कायदा, दुसरी पंचवार्षिक योजना, आयुर्विमा महामंडळ, आणि कुठेतरी खाली ‘नागपूर येथे धर्मांतर’. माजरी परिसरातल्या अभ्यासिकांत बसणारी आपली मुले हीच ओळ पाठ करतात. या नोंदीत आम्ही तेच वर्ष उलगडले आहे. धम्मदीक्षा त्या वर्षातल्या बाकीच्या घटनांमध्ये नेमकी कुठे बसते, हे कळल्याशिवाय तिची किंमत कळत नाही, असे आमचे मत आहे.

दोन राज्यांच्या मधले पंधरा दिवस

वर्षाची सुरुवातच मुंबईच्या प्रश्नाने झाली. १६ जानेवारीला पंतप्रधान नेहरूंनी मुंबई शहर केंद्रशासित ठेवण्याची घोषणा केली. मुंबईत आंदोलकांवर गोळीबार झाला, माणसे मारली गेली. ६ फेब्रुवारीला पुण्यात संयुक्त महाराष्ट्र समिती स्थापन झाली. केंद्रीय अर्थमंत्री चिंतामणराव देशमुखांनी याच प्रश्नावर राजीनामा दिला. ऑगस्टमध्ये संसदेने गुजराती आणि मराठी मुलूख एकत्र ठेवणाऱ्या द्विभाषिक मुंबई राज्याचा मार्ग स्वीकारला आणि १ नोव्हेंबरला ते अस्तित्वात आले. मुख्यमंत्री झाले यशवंतराव चव्हाण.

आपल्या भागासाठी याचा अर्थ वेगळा होता. तेव्हाचा चांदा जिल्हा (आजचे चंद्रपूर आणि गडचिरोली) मध्य प्रदेशात होता आणि नागपूर त्या राज्याची राजधानी होती. फाजल अली आयोगाने स्वतंत्र विदर्भाची शिफारस केली होती. बाबासाहेबांनीही डिसेंबर १९५५च्या भाषावार राज्यांवरील पुस्तकात मराठी मुलखाची चार राज्ये सुचवली होती, त्यात विदर्भ वेगळा होता. दोन्ही सूचना बाजूला पडल्या. १४ ऑक्टोबरला लाखो माणसे ज्या नागपुरात जमली, ते एका राज्याच्या राजधानीचे शहर होते. १ नोव्हेंबरला ते राजधानी राहिले नाही आणि चांद्याची माणसे एका रात्रीत मुंबई राज्याची रहिवासी झाली. म्हणजे दीक्षा घेतली मध्य प्रदेशात, आणि बौद्ध म्हणून पहिला अर्ज करायचा तो नव्या राज्याच्या कचेरीत. हा तपशील फारसा कोणी सांगत नाही.

बुद्धाची २५०० वर्षे : सरकारची आणि आपली

२४ मे १९५६च्या वैशाख पौर्णिमेला बुद्धाच्या महापरिनिर्वाणाची २५०० वर्षे देशभर साजरी झाली. केंद्र सरकारने टपाल तिकिटे काढली. पु. वि. बापट यांनी संपादित केलेला बौद्ध धम्माच्या २५०० वर्षांवरचा इंग्रजी ग्रंथ सरकारच्या प्रकाशन विभागाने छापला. वर्षअखेरीस दलाई लामा भारतात आले. बुद्ध त्या वर्षी सरकारी पाहुणा होता म्हणा ना.

त्याच वर्षी बाबासाहेब ‘बुद्ध आणि त्यांचा धम्म’ हा ग्रंथ पूर्ण करत होते. १४ सप्टेंबरला, दीक्षेच्या बरोबर एक महिना आधी, त्यांनी नेहरूंना पत्र लिहिले. छपाईचा खर्च मोठा आहे, जयंती महोत्सवानिमित्त सरकारने ग्रंथालयांना आणि परदेशी पाहुण्यांना देण्यासाठी ५०० प्रती घ्याव्यात, अशी विनंती त्यात होती. दुसऱ्याच दिवशी उत्तर आले : या कामासाठी ठेवलेली रक्कम संपली आहे. महोत्सव समितीचे अध्यक्ष राधाकृष्णन यांच्याकडे पत्र पाठवतो, आणि उत्सवकाळात दिल्लीत ग्रंथ विक्रीला ठेवता येईल, असेही त्यात सुचवले होते. ग्रंथ छापून आला १९५७ मध्ये, बाबासाहेबांच्या पश्चात. २५०० वर्षांचा सोहळा करणाऱ्या सरकारकडे त्या वर्षीच्या सर्वांत महत्त्वाच्या बौद्ध ग्रंथासाठी पैसे नव्हते. यावर आम्ही आणखी काही लिहीत नाही.

बाकी घटनांचा क्रम असा. ४ फेब्रुवारीला ‘जनता’ साप्ताहिकाचे नाव ‘प्रबुद्ध भारत’ झाले. मे महिन्यात मुंबईच्या नरे पार्कमधील बुद्धजयंतीच्या सभेत बाबासाहेबांनी ऑक्टोबरमध्ये धम्म स्वीकारणार असल्याचे जाहीर केले. १४ ऑक्टोबरला, अशोक विजयादशमीला, कुशीनाराचे भदंत चंद्रमणी महास्थविर यांच्याकडून त्यांनी आणि माईसाहेबांनी नागपुरात दीक्षा घेतली, आणि मग जनसमुदायाला बावीस प्रतिज्ञांसह स्वतः दीक्षा दिली. स्थळ नागपूर ठरण्यात वामनराव गोडबोले यांचा वाटा मोठा.

१६ ऑक्टोबरला ते चांद्याला आले. बॅरिस्टर राजाभाऊ खोबरागडे यांच्या पुढाकाराने झालेल्या या सोहळ्यात पुन्हा लाखोंनी दीक्षा घेतली. बाबासाहेबांच्या हस्ते अशा प्रमाणावर सामूहिक दीक्षा झाली ती या दोनच ठिकाणी. देशभराच्या वर्षनोंदींत नागपूर येते, चांदा येत नाही. तरुण मित्रांना आमची विनंती अशी की तारीख सांगताना दोन्ही सांगा. चंद्रपूरच्या दीक्षाभूमीवर १५-१६ ऑक्टोबरला धम्मचक्र अनुप्रवर्तन दिन होतो तो यामुळेच. माजरी जंक्शन वर्धा-बल्लारशा लोहमार्गावर असल्याने इथल्या लोकांना चांदा जवळचे आहे. ज्यांच्या घरात त्या दिवसाची आठवण असलेली वृद्ध माणसे आहेत, त्यांनी ती आता लिहून घ्यावी. आज नव्वदीत असलेले माणूस तेव्हा विशीच्या आसपास होते.

कोळसा आणि चित्रपट

३० एप्रिलच्या औद्योगिक धोरण ठरावाने कोळसा राज्यसंस्थेच्या अखत्यारीतील उद्योगांच्या यादीत गेला, आणि याच वर्षी राष्ट्रीय कोळसा विकास महामंडळ स्थापन झाले. तरी खासगी खाणी लगेच सरकारकडे आल्या नाहीत. त्यासाठी १९७३ उजाडावे लागले. आपल्या कॉलन्यांतल्या कायम नोकऱ्यांचा इतिहास त्या नंतरच्या तारखेशी जोडलेला आहे. सत्यजित राय यांच्या ‘पथेर पांचाली’ला कान महोत्सवात मानवी दस्तऐवज म्हणून पुरस्कार मिळाला. पुणे आकाशवाणीवरून वर्षभर चाललेल्या गीतरामायणाचा समारोपही याच वर्षीच्या एप्रिलमधला.

मेलबर्न, ६ डिसेंबर

जानेवारीत मद्रासला न्यूझीलंडविरुद्ध विनू मंकड आणि पंकज रॉय यांनी सलामीला ४१३ धावांची भागीदारी केली. हा विक्रम २००८पर्यंत टिकला. मेलबर्न ऑलिम्पिकवर सुएझ आणि हंगेरीच्या संघर्षांची सावली होती, काही देशांनी बहिष्कार टाकला. भारताचा फुटबॉल संघ तिथे चौथा आला. मुंबईकडून खेळणाऱ्या नेव्हिल डिसोझाने ऑस्ट्रेलियाविरुद्ध तीन गोल केले. भारतीय फुटबॉल पुन्हा तिथवर पोचला नाही.

हॉकीत बलबीरसिंग कर्णधार होते. अंतिम सामन्यात भारताने पाकिस्तानला १-० ने हरवून सलग सहावे सुवर्णपदक घेतले, आणि संपूर्ण स्पर्धेत एकही गोल स्वीकारला नाही. त्या सामन्याची तारीख ६ डिसेंबर १९५६. त्याच दिवशी दिल्लीत, २६ अलीपूर रोडवर, बाबासाहेबांचे महापरिनिर्वाण झाल्याचे कळले. लोकसभेचे कामकाज श्रद्धांजलीनंतर थांबले. दुसऱ्या दिवशी दादरला भदंत आनंद कौसल्यायन यांच्या उपस्थितीत अंत्यसंस्कार झाले, आणि तिथेच लाखावर लोकांनी दीक्षा घेतली. क्रीडा इतिहासाच्या पानावर ती तारीख सुवर्णाक्षरांची आहे. दोन्ही नोंदी एकाच देशाच्या आहेत.

एकोणीस दिवस

या वर्षातली आपल्या लोकांना सर्वांत महाग पडलेली गोष्ट मात्र एका कायद्यात आहे. १९५०च्या राष्ट्रपतींच्या आदेशाप्रमाणे अनुसूचित जातीचा दर्जा हिंदूंपुरता होता, शिखांमधील मोजक्या जातींचा अपवाद सोडून. २५ सप्टेंबर १९५६च्या दुरुस्तीने तो शीख धर्मीय अनुसूचित जातींना सरसकट मिळाला. १४ ऑक्टोबरला, एकोणीस दिवसांनी, लाखो माणसे बौद्ध झाली आणि त्या दर्जाबाहेर गेली. महाराष्ट्र राज्य झाल्यावर राज्यपातळीवर नवबौद्धांना सवलती मिळाल्या, पण केंद्रीय नोकऱ्या आणि राखीव मतदारसंघांची दारे बंदच राहिली. केंद्राने दुरुस्ती केली १९९० मध्ये. मधल्या चौतीस वर्षांत शिकून बाहेर पडलेल्या पिढीने कागदोपत्री एक आणि घरी एक असे जगावे, असा तो पेच होता. आजी-आजोबांच्या जुन्या दाखल्यांवर जुनी जात आणि ‘हिंदू’ दिसते म्हणून त्यांना दोष देणाऱ्या तरुणांनी ही दोन सालें शेजारी ठेवून पाहावीत.

तरीही लोकांनी जनगणनेत लिहिले. १९५१ मध्ये देशात सुमारे १ लाख ८० हजार बौद्ध होते. १९६१ मध्ये सुमारे साडेबत्तीस लाख, त्यांपैकी जवळपास २८ लाख एकट्या महाराष्ट्रात.

केंद्र सरकारच्या नोकरीसाठी लागणाऱ्या जातीच्या दाखल्याचा नमुना काढून पाहा. त्यात बारीक अक्षरांत आदेश आणि कायद्यांची यादी असते. राज्य पुनर्रचनेच्या वेळी जातींच्या याद्या बदलणारा १९५६चा आदेश त्यात आहे, आणि बऱ्याच खाली १९९०चा दुरुस्ती कायदा आहे.