जुनेर, दंड आणि वाकळ : सातारा-सांगली भागातील घरगुती वस्त्रजतन

वस्त्रांच्या इतिहासाची लिखित साधने बहुधा नव्या कापडापुरतीच बोलतात. कापड कोठून आले, त्यावर जकात किती पडली, कोणास कोणता पोशाख दिला गेला, हे दप्तरांवरून कळते. तेच लुगडे काही वर्षांनी विरले तेव्हा घरात त्याचे काय झाले, हे मात्र कोणी लिहून ठेवलेले नाही. ते काम बायकांचे होते आणि त्याचा हिशेब कागदावर चढण्याचे प्रयोजन नव्हते. कागदाने जे राखले नाही त्यातील पुष्कळसे शब्दांनी राखले आहे. संस्थानांच्या विलीनीकरणानंतर १९४९ साली साताऱ्यातून दक्षिण सातारा हा जिल्हा वेगळा झाला व १९६० साली त्यास सांगली हे नाव मिळाले. परंतु घरगुती बोलीच्या दृष्टीने हा सारा कृष्णाकाठ एकच मानणे सोयीचे आहे.

राजवाड्यात वस्त्रे जपण्यासाठी स्वतंत्र खाते असे. मराठेशाहीच्या अठरा कारखान्यांत जामदारखान्याची गणना होते, आणि जामदार या शब्दाचा मूळ फारसी अर्थ वस्त्रे सांभाळणारा असाच आहे. रफू हा शब्दही त्याच वाटेने मराठीत आला. रफू हे कसबी कारागिराचे काम. किमती शाल वा शेला त्याच्याकडे जाई. घरातल्या डागडुजीची परिभाषा मात्र निराळी आहे. जुनेर हा शब्द घ्यावा. 'जुना' हे विशेषण प्राकृत 'जुण्ण' या रूपातून आले, आणि त्यापासून वापरून मऊ झालेल्या वस्त्राला स्वतंत्र नाम मिळाले. मोल्सवर्थच्या कोशात (दुसरी आवृत्ती १८५७) हा शब्द नोंदलेला आहे. जुनेर म्हणजे टाकाऊ चिंधी नव्हे. बाळंतिणीला, तान्ह्या मुलाच्या बाळोत्याला, दुखण्याइताला नवे कापड चालत नसे. तेथे जुनेरच मागितले जाई.

या परिभाषेतील सर्वांत बोलका शब्द 'दंड' होय. नऊवारी लुगडे सगळीकडे सारखे झिजत नाही. बसण्याचा व काष्ट्याचा भाग आधी विरतो. पदर आणि काठ त्या मानाने शाबूत राहतात. अशा वेळी विरलेला पट्टा कापून काढावयाचा आणि उरलेल्या दोन तुकड्यांच्या कडा एकमेकींत दुमडून शिवावयाच्या, याला लुगड्याला दंड घालणे म्हणत. शिवण आतबाहेर सारखी दिसली पाहिजे, काठाला काठ भिडला पाहिजे आणि दंड नेसताना निऱ्यांत किंवा ओच्यात झाकला गेला पाहिजे, अशी त्यात तिहेरी कसोटी असे. कापण्यापूर्वी लुगडे अंगावर कसे बसेल याचा पूर्ण अंदाज घ्यावा लागे, कारण चुकीचा काप परत जोडता येत नाही. ठिगळ हा त्याहून हलका उपाय. ठिगळ दिसते, दंड दिसू नये, एवढा त्या दोहोंत फरक. त्याला सामाजिक अर्थही होता. दंडाचे लुगडे नेसून चारचौघींत जाता येई, ठिगळाचे शेतात व चुलीपुढे.

धुण्याच्या पद्धतींविषयी थोडक्यात सांगता येईल. रेशमी व लोकरी वस्त्रांस रिठ्याचे पाणी, जाड्याभरड्या सुती कपड्यांस राखेची निवळी अथवा खार, आणि रंग जाणाऱ्या इरकली लुगड्याच्या पहिल्या धुण्याला मीठ, ही सर्वसाधारण रीत. रेशमी वस्त्रे सावलीत वाळवून मऊ जुनेरात गुंडाळून ठेवीत व घडीत कडुनिंबाचा वाळला पाला घालीत. साबण आणि इस्त्री हे शब्द पोर्तुगीजांच्या संपर्कातून आलेले मानतात. रिठा आणि राख त्यांच्या आधीपासून घरात होती.

लुगड्याचा शेवटचा आश्रम वाकळ. हा शब्द संस्कृत 'वल्कल'शी जोडला जातो व ध्वनिपरिवर्तनाच्या दृष्टीने त्यात अडचण दिसत नाही. आत जुनेराचे थर, वर त्यातल्या त्यात धड लुगडे, आणि कडेपासून फेर घेत मध्यापर्यंत आणलेला धावदोरा, अशी तिची रचना. घटस्थापनेपूर्वी घरातील सगळ्या वाकळा नदीवर किंवा ओढ्यावर नेऊन धुण्याचा प्रघात या भागात आजही आढळतो. वाकळ हे केवळ गरिबीचे चिन्ह समजणे चुकीचे ठरेल. जुन्या कपड्यांवर भांडी देणारी बोहारीण सुखवस्तू घरांच्याही दारात येई, आणि जुन्या जरीतील चांदी सुटी करून विकली जाई. म्हणजे जुन्या वस्त्राला सर्व थरांत मोल होते.

दुसऱ्या महायुद्धाच्या काळात, १९४३ साली, कापडावर सरकारी नियंत्रण आले आणि लुगडे मिळणे दुरापास्त झाले. दंड घालण्याचे कसब तेव्हा हौसेचे न राहता गरजेचे झाले. पुढे ही साखळी तुटली ती टंचाईने नव्हे, कृत्रिम धाग्याने. नायलॉन व टेरिलिनचे पातळ विरत नाही, त्यामुळे त्याला दंड लागत नाही. ते पाणी शोषीत नाही, म्हणून त्याचे बाळोते होत नाही. आणि वाकळेत घातले तर थर एकमेकांवरून सरकतात. नऊवारी मागे पडल्यावर दंड झाकण्याची जागाही उरली नाही. आजच्या विद्यार्थ्यास 'दंड' म्हणताच शिक्षा किंवा बाहू आठवतो. वाकळ हा शब्द टिकला आहे, परंतु विक्रीसाठी शिवल्या जाणाऱ्या पुष्कळ वाकळांत आता कोरे कापड असते, आणि त्यात जुनेराचा एकही थर नसतो.