राजाच्या मृगयोद्यानांतील अनाहूत पाहुणा

इटलीचा राजा दुसरा व्हिक्टर इमॅन्युएल हा मॅझिनी व गॅरिबाल्डी यांच्या चरित्रांतून आपणांस परिचित आहे. तो मोठा मृगयासक्त होता. ट्यूरिन नगरानजीक ला मांद्रिया नांवाचें त्याचें मृगयोद्यान होतें. तेथें १८६५ सालीं उत्तर अमेरिकेंतून वापिटी हरणें आणविण्यांत आलीं. हीं आपल्या सांबराच्या कुळांतलीं, पण त्याहून थोराड.

दहा वर्षांनीं, १८७५ सालीं, रोबेर्तो बास्सी यानें त्या उद्यानांतील हरणांच्या यकृतांत आढळलेल्या एका चपट्या कृमीचें वर्णन प्रसिद्ध केलें. पानाच्या आकाराचा हा कृमि दहा सेंटिमीटरपर्यंत वाढतो. त्याचें मूळ घर अमेरिका. शास्त्रीय नामकरण मात्र इटलींत झालें.

त्याचा मार्ग मोठा आडवळणाचा आहे. अंडीं हरणाच्या लेंड्यांबरोबर बाहेर पडतात. पाणथळ जागीं त्यांतून निघालेली अळी पाणगोगलगाईच्या शरीरांत शिरते व तेथें एकीच्या अनेक होतात. पुढें त्या बाहेर येऊन गवतावर कवच करून बसतात. तें गवत जो प्राणी खाईल त्याच्या यकृतांत कृमि पोंचतो. हरीण व मेंढी यांची गांठ पडावयास नको; एकाच कुरणांत आगेंमागें चरलीं कीं पुरे.

परंतु परिणाम सर्वत्र सारखा नाहीं. हरणाच्या यकृतांत कृमीभोंवतीं पातळ पिशवी तयार होते. तिच्यांतून पित्तनलिकेकडे वाट राहते, म्हणून अंडीं बाहेर पडत राहतात आणि हरीण बहुधा धडधाकट दिसतें. गाईबैलांत ती पिशवी जाड व बंद असते. अंडीं आंतच अडकतात. मेंढीशेळीचें शरीर अशी पिशवी बांधूं शकत नाहीं. कृमि यकृत पोखरीत भटकतो. एकदोन कृमीही तिच्या जिवावर बेततात. ज्याच्यापासून भय, तो प्राणी निरोगी दिसावा, हीच मेंढपाळाची खरी अडचण.

राजास दोष देणें मात्र न्याय्य नव्हे. मेंढ्यांच्या नेहमींच्या यकृतकृमीचा गोगलगाईंतून जाणारा मार्गही थॉमस व लॉयकार्ट यांनीं १८८३ च्या सुमारास उलगडला. हरणें त्यापूर्वीं अठरा वर्षें येऊन पोंचलीं होतीं. विसाव्या शतकाच्या अखेरीस हाच कृमि डॅन्यूबकांठच्या अरण्यांतील हरणांतही आढळला. आज तें अज्ञान उरलेलें नाहीं. म्हणून परमुलुखांतून जनावर आणतांना त्याच्या शिंगांचा डौल पाहण्याआधीं त्याची विष्ठा तपासणें, हा राजाच्या हौसेनें शिकविलेला धडा विसरून चालणार नाहीं.