यंत्रापुढील रांग
कृत्रिम मूत्रपिंडाच्या इतिहासातील काही पाने

सन १९३२ मध्ये मद्रासेत अटक झालेल्या एका तिशीच्या तरुणास नाशिकच्या मध्यवर्ती कारागृहात आणून ठेवण्यात आले. तो तरुण म्हणजे जयप्रकाश नारायण. मिनू मसानी, अच्युतराव पटवर्धन, अशोक मेहता, ना. ग. गोरे अशी मंडळी त्या काळी त्याच भिंतींआड होती. तिथे झालेल्या चर्चांतून पुढे १९३४ साली काँग्रेस समाजवादी पक्ष उभा राहिला. हा इतिहास नाशिककर अभिमानाने सांगतात, आणि ते योग्यच आहे. मात्र जयप्रकाशजींच्या आणखी एका कारावासाशी आपल्या देशातील एका उपचाराचा इतिहास जोडला गेला आहे, याची आठवण सहसा कोणी काढत नाही. आम्हांस आज त्याविषयी लिहावयाचे आहे.

२५ जून १९७५ च्या मध्यरात्रीनंतर जयप्रकाशजींना दिल्लीत अटक झाली व पुढे चंडीगढ येथे स्थानबद्ध करण्यात आले. तेथे त्यांची प्रकृती ढासळत गेली. नोव्हेंबरमध्ये सुटका झाली, तेव्हा त्यांची दोन्ही मूत्रपिंडे निकामी झाली होती. हे कसे घडले, याविषयी पुढे पुष्कळ वाद माजले. त्या वादांत आम्ही शिरत नाही. त्यांना मुंबईस पेडर रोडवरील जसलोक रुग्णालयात आणण्यात आले. योगायोग असा, की या रुग्णालयाचे उद्घाटन जुलै १९७३ मध्ये इंदिरा गांधी यांच्याच हस्ते झाले होते. तेथे मूत्रपिंडविकारांचा विभाग डॉ. एम. के. मणी पाहत असत. त्यांच्या देखरेखीखाली जयप्रकाशजींचे डायलिसिस सुरू झाले. ज्या शब्दाशी तोवर मोजक्याच वैद्यांचा परिचय होता, तो वृत्तपत्रांतून खेड्यापाड्यांत पोहोचला.

डायलिसिस म्हणजे काय, हे आज जवळजवळ प्रत्येक धर्मग्रामातील एखाद्या तरी कुटुंबास अनुभवाने ठाऊक झाले आहे. तरी थोडक्यात सांगतो. रक्तातील विषारी द्रव्ये व जादा पाणी बाहेर टाकणे हे मूत्रपिंडाचे काम. ते थांबले, की रुग्णाचे रक्त नळीवाटे शरीराबाहेर काढून एका अतिसूक्ष्म छिद्रांच्या पडद्याच्या एका बाजूने वाहू देतात. दुसऱ्या बाजूने शुद्ध पाण्यात क्षार मिसळलेला द्रव उलट दिशेने वाहत असतो. विष पडदा ओलांडून त्या द्रवात जाते, रक्तपेशी मागे राहतात आणि स्वच्छ झालेले रक्त पुन्हा शरीरात जाते. द्रव साधारणतः मिनिटाला अर्धा लिटर या वेगाने वाहतो, म्हणजे चार तासांच्या एका बैठकीस तो १२० लिटर लागतो. ज्या तालुक्यांत उन्हाळ्यात टँकरची वाट पाहत हंड्यांची रांग लागते, तेथे डायलिसिस केंद्र चालविणे म्हणजे काय, हे या एका आकड्यावरून वाचकांच्या ध्यानी येईल.

'डायलिसिस' हा शब्द १८६१ साली थॉमस ग्रॅहॅम या स्कॉटिश रसायनशास्त्रज्ञाने रूढ केला. माणसाचे प्राण त्याने वाचू लागले ते मात्र ऐंशीहून अधिक वर्षांनी. दुसऱ्या महायुद्धात जर्मनांच्या ताब्यात असलेल्या हॉलंडमधील कॅम्पेन या लहानशा गावी विलेम कोल्फ या तरुण डॉक्टरने १९४३ साली फिरत्या पिंपाभोवती सेलोफेनची नळी गुंडाळून कृत्रिम मूत्रपिंड बनविले. ही नळी मुळात सॉसेजचे आवरण म्हणून वापरण्याची. पहिले रुग्ण एकामागून एक दगावले. सप्टेंबर १९४५ मध्ये ६७ वर्षांची एक स्त्री शुद्धीवर आली आणि पुढे कित्येक वर्षे जगली. ती नाझींना साथ दिल्याच्या आरोपावरून कैदेत होती. गावात तिच्याविषयी कुणास प्रेम नव्हते. डॉक्टरने तिचे रक्त शुद्ध केले, तिची मते विचारली नाहीत.

परंतु प्रत्येक वेळी नवी शीर कापावी लागे, म्हणून हा उपचार थोडे दिवसच शक्य होता. १९६० साली अमेरिकेतील सिएटल येथे डॉ. बेल्डिंग स्क्रिबनर यांनी टेफ्लॉनची नळी हातात कायम बसविण्याची युक्ती काढली आणि मूत्रपिंडे कायमची गेलेला माणूस वर्षानुवर्षे जगू शकेल, हे सिद्ध झाले. पेच उभा राहिला तो येथेच. यंत्रे थोडी, रुग्ण असंख्य. कोणास जगवायचे? हे ठरविण्यासाठी सिएटलमध्ये सात जणांची समिती नेमण्यात आली. त्यांत एक वकील, एक बँकवाला, एक गृहिणी, एक सरकारी अधिकारी, एक कामगार पुढारी, एक शल्यविशारद आणि एक धर्मगुरू होता. रुग्णाचे उत्पन्न, मुलेबाळे, शिक्षण, चर्चमधील वावर असे सर्व तोलले जाई. १९६२ साली एका साप्ताहिकाने हे उघड केले, तेव्हा मोठी खळबळ उडाली. त्या आसनावर बसलेल्या धर्मगुरूच्या मनाचे काय होत असेल, हा विचार आमच्या मनातून जात नाही. १९७२ साली अमेरिकेने कायदा करून बहुतेक सर्व मूत्रपिंड-रुग्णांचा खर्च सरकारी विम्यावर घेतला आणि अशा समित्यांची गरज संपली.

आपल्या देशात ही विद्या आली ती वेल्लोरच्या ख्रिस्ती वैद्यकीय महाविद्यालयात, १९६० च्या दशकाच्या आरंभी. १९६५ साली मुंबईच्या के. ई. एम. रुग्णालयात मृत व्यक्तीचे मूत्रपिंड बसविण्याचा पहिला प्रयत्न झाला. यशस्वी प्रत्यारोपण वेल्लोरला १९७१ साली झाले. चंडीगढच्या संस्थेत डॉ. किरपाल सिंग चुघ यांनी या शास्त्राच्या तज्ज्ञांची पहिली पिढी घडविली. समिती येथे कधी नेमली गेली नाही. तिचे काम पैशाच्या पिशवीने आणि अंतराने केले.

जयप्रकाशजींच्या बाबतीतही पैशाचा प्रश्न आलाच. पाटण्यास घरी परतावयाचे तर स्वतःचे यंत्र हवे. त्यासाठी निधी जमू लागला, तेव्हा इंदिराजींनी पंतप्रधान मदतनिधीतून ९०,००० रुपये पाठविले. सहकाऱ्यांत मतभेद झाले, अखेर जयप्रकाशजींनी ती रक्कम परत केली आणि यंत्र लोकांच्या वर्गणीवर आले. त्या यंत्राच्या आधारे त्यांनी आणीबाणीचा शेवट पाहिला, १९७७ ची निवडणूक पाहिली, नव्या सरकारचे भांडणही पाहिले. मार्च १९७९ मध्ये ते जसलोकमध्ये असता संसदेने त्यांना श्रद्धांजलीही वाहून टाकली, ते हयात असतानाच! ८ ऑक्टोबर १९७९ रोजी पाटण्यात त्यांचे निधन झाले. जवळजवळ चार वर्षे एका यंत्राने एका माणसास राष्ट्रासाठी राखून ठेवले.

ज्यांच्यासाठी वर्गणी निघत नाही, त्यांचे काय? पुढील पस्तीस वर्षे या प्रश्नाचे उत्तर शेत विकणे, दागिने मोडणे आणि काही महिन्यांनी उपचार सोडून घरी परतणे, हेच होते. मूत्रपिंडांचा बाजारही याच काळात भरला. त्याला आळा घालण्यासाठी १९९४ चा मानवी अवयव प्रत्यारोपण कायदा झाला. तो फेब्रुवारी १९९५ पासून प्रथम लागू झालेल्या राज्यांत महाराष्ट्र होता. २०१६ च्या अर्थसंकल्पी भाषणात केंद्र सरकारने मान्य केले, की वर्षाला सुमारे २.२ लाख नव्या रुग्णांची मूत्रपिंडे पूर्ण निकामी होतात, देशात ४,९५० च्या आसपास डायलिसिस केंद्रे आहेत, ती बहुतांशी खासगी व मोठ्या शहरांत आहेत, आणि गरजेच्या निम्मीच गरज भागते. त्याच वर्षी जिल्हा रुग्णालयांसाठी राष्ट्रीय डायलिसिस कार्यक्रम आला. महाराष्ट्रात २०१२ साली सुरू झालेली जीवनदायी आरोग्य योजना २०१७ पासून महात्मा फुले यांच्या नावाने चालते, आणि तीत डायलिसिसचा समावेश आहे. हे मोठे काम झाले, हे निःसंकोच म्हटले पाहिजे.

तथापि फी माफ झाली म्हणून फेरी माफ होत नाही. सुरगाणा वा पेठच्या पाड्यावरील माणसास शहरात उपचारास यावयाचे तर दिवस मोडतो. त्याचा मोडतो, सोबत येणाऱ्याचाही मोडतो, रोजंदारी दोघांची बुडते. आठवड्यास तीन बैठका असाव्यात असे शास्त्र सांगते. आपल्याकडील पुष्कळ रुग्ण दोनांवर भागवितात. पोटाच्या पडद्यावाटे घरच्या घरी करावयाची डायलिसिसची पद्धत अशा वाड्यावस्त्यांस अधिक सोयीची ठरावी. २०१९ पासून ती राष्ट्रीय कार्यक्रमातही घेतली आहे, पण तिचा प्रसार अद्याप फारच थोडा आहे.

येथे धर्मगुरूच्या दारी एक प्रश्न येतो. थकलेला रुग्ण म्हणतो, "फादर, आता पुरे, हे थांबविले तर पाप होईल का?" परमगुरुस्वामी बारावे पायस यांनी २४ नोव्हेंबर १९५७ रोजी भूलतज्ज्ञांपुढे केलेल्या भाषणात सांगितले होते, की जीव राखण्यासाठी सामान्य साधने वापरणे हे कर्तव्य आहे, स्वतःवर वा इतरांवर असह्य भार टाकणारी असामान्य साधने बंधनकारक नाहीत. हे उत्तर स्पष्ट आहे आणि आम्ही ते देतो. पण भार असह्य कशाने झाला, रोगाने की बसभाड्याने? पहिल्या बाबतीत रुग्णास मोकळीक देता येते. दुसऱ्या बाबतीत मोकळीक देऊन आपण आपल्या अंगावरची जबाबदारी झटकीत असतो, असे आमचे स्पष्ट मत आहे.

दानाविषयीही एक गोष्ट बोलली जात नाही. आपल्या देशात जिवंतपणी मूत्रपिंड देणाऱ्यांत बहुसंख्य स्त्रिया असतात आणि घेणाऱ्यांत बहुसंख्य पुरुष. आई देते, पत्नी देते. तिला लागले तर कोण देतो? केरळात फादर डेव्हिस चिरमेल यांनी २००९ साली एका अनोळखी व्यक्तीस मूत्रपिंड दिले. पाला धर्मप्रांताचे साहाय्यक बिशप जेकब मुरिक्कन यांनी २०१६ साली एका हिंदू तरुणास दिले. ही उदाहरणे आमच्या घरांतील पुरुषांनी वाचावीत.

भारतीय मूत्रपिंडविकार नोंदवहीत बावन्न हजारांहून अधिक रुग्णांची नोंद झाली, तेव्हा सुमारे ३१ टक्क्यांचे कारण मधुमेह निघाले, १३ टक्क्यांचे उच्च रक्तदाब. म्हणजे यंत्रापुढील रांग पुष्कळशी वाटेतच थांबविता येण्याजोगी आहे. आणि ही वाट शोधली कोणी? ज्या डॉक्टर मणींनी जसलोकमध्ये जयप्रकाशजींचे रक्त यंत्रातून फिरविले, त्यांनीच. मद्रासेस गेल्यावर त्यांनी किडनी हेल्प ट्रस्टच्या द्वारे शहराजवळील सुमारे २५,००० वस्तीची खेडी हाती घेतली. गावातीलच शिकलेल्या तरुण मुलामुलींना तयार केले. ती घरोघर जाऊन रक्तदाब मोजीत, लघवीच्या नमुन्यात सल्फोसॅलिसिलिक आम्लाचे थेंब टाकीत. नमुना गढूळ झाला, तर त्यात प्रथिने उतरली असे समजावे. साखरेसाठी बेनेडिक्टचे द्रावण. दोष आढळला तर डॉक्टरांकडे पाठवीत, आणि औषधे जाणूनबुजून स्वस्तातली स्वस्त, जुनी, बाजारात कोणी ज्यांची जाहिरात करीत नाही अशी देत. २००३ साली मणींनी याचा हिशेब आंतरराष्ट्रीय नियतकालिकात मांडला. माणशी वर्षाचा खर्च अर्ध्या अमेरिकी डॉलरपेक्षाही कमी आला होता.