एका कल्पित कर्नलचे सुतक

मंगळवार, १८ मार्च १९७५ च्या रात्री अमेरिकेतील लक्षावधी घरांत एका मनुष्याच्या मृत्यूची वार्ता पोचली, आणि पुढे कित्येक दिवस त्यांपैकी अनेक घरांनी एक प्रकारचे सुतक पाळले. मृत्यू पावलेल्या गृहस्थाचे नाव लेफ्टनंट कर्नल हेन्री ब्लेक. तो सैन्यातील शल्यवैद्य होता. इलिनॉय राज्यातील ब्लूमिंग्टन हे त्याचे गाव. घरी बायकामुले होती, मासे पकडण्याचा छंद होता. उणीव एवढीच, की हा मनुष्य कधी जन्मासच आलेला नव्हता. सी. बी. एस. या दूरचित्रवाणी कंपनीच्या 'मॅश' नावाच्या विनोदी मालिकेतील ते एक पात्र होते.

कल्पित माणसाच्या मरणाने खऱ्या माणसांनी डोळे पुसावेत, ही गोष्ट दूरचित्रवाणीने जगात आणली असे नव्हे. १८४१ साली डिकन्सची 'द ओल्ड क्युरिऑसिटी शॉप' ही कादंबरी साप्ताहिकातून क्रमशः संपत आली, तेव्हा तिच्यातील लहानग्या नेलला मारू नका अशी विनवणी करणारी पत्रे लेखकाकडे आली होती. १८९३ च्या डिसेंबरात 'स्ट्रँड' मासिकात कॉनन डॉइलने शेरलॉक होम्सला स्वित्झर्लंडमधील धबधब्यात लोटून दिले, तेव्हा हजारो वर्गणीदारांनी मासिक बंद केले असे सांगतात. लंडनचे तरुण टोप्यांना वा दंडांना काळ्या फिती बांधून हिंडले, ही कथा मात्र मागाहून रचलेली दिसते. ती सांगणाऱ्यांना त्या काळच्या वृत्तपत्रांचा आधार देता आलेला नाही. तरी अशी कथा रचावीशी वाटली आणि लोकांना ती खरी वाटली, यातच बरेच काही आले. पुढे नभोवाणीचे युग आले. २२ सप्टेंबर १९५५ रोजी बी. बी. सी.च्या 'द आर्चर्स' या ग्रामीण जीवनावरील मालिकेत ग्रेस आर्चर ही नवविवाहिता जळत्या तबेल्यातून घोडा सोडवताना प्राणास मुकली. त्याच रात्री लंडनमध्ये खाजगी दूरचित्रवाणीचा शुभारंभ होता. पण दुसऱ्या दिवशी चर्चा झाली ती ग्रेसची. बी. बी. सी.च्या कचेरीतील दूरध्वनी अखंड वाजत राहिले आणि तिच्यासाठी श्रोत्यांनी फुलेही पाठविली. नव्या प्रतिस्पर्ध्याचा मुहूर्त बिघडविण्यासाठीच ग्रेसचा बळी दिला गेला, असा संशय तेव्हाही पुष्कळांनी बोलून दाखविला होता, आणि तो अगदीच निराधार नव्हता.

या सर्व प्रसंगांत एक गोष्ट समान आहे. नेल काय, होम्स काय, ग्रेस काय, ही सारी हप्त्याहप्त्याने भेटणारी माणसे होती. ज्या कादंबरीचे शेवटचे पान पहिल्या पानाबरोबरच हाती येते, तिच्यातील नायक मेला तर वाचक हळहळतो. पण तो नायक त्याच्या घरी कधी राहिलेला नसतो. हप्त्याने येणारे पात्र ठराविक वारी, ठराविक वेळी दारात उभे राहते. दोन भेटींच्या मधल्या काळात वाचकाचे स्वतःचे आयुष्यही पुढे सरकलेले असते: कोणाचे लग्न झालेले असते, कोणाचे मूल चालू लागलेले असते. पात्राचे वय आणि पाहणाऱ्याचे वय बरोबरीने वाढते. रोजच्या येण्याजाण्यातल्या शेजाऱ्याचे नाते आणखी कशाने जुळते?

हेन्री ब्लेक असा शेजारी झाला होता. ही मालिका १७ सप्टेंबर १९७२ रोजी सुरू झाली. तिचे मूळ रिचर्ड हूकर या टोपणनावाने एका डॉक्टराने लिहिलेल्या १९६८ च्या कादंबरीत होते. तो स्वतः कोरियन युद्धात अशाच एका फिरत्या लष्करी रुग्णालयात शस्त्रक्रिया करीत असे. मालिकेतील ४०७७ क्रमांकाच्या रुग्णालयाचा हेन्री हा प्रमुख. पण प्रमुखपणाचा त्याच्या अंगी लवलेश नव्हता. मासे पकडण्याचे गळ खोचलेली टोपी डोक्यावर, समोर आलेला कागद न वाचताच त्यावर सही करण्याची घाई, आणि कोणताही निर्णय घेण्याची वेळ आली की चेहऱ्यावर उमटणारी ती केविलवाणी भांबावलेली मुद्रा! रुग्णालय खरे म्हणजे त्याचा पोरसवदा कारकून चालवीत असे. जखमींना घेऊन येणाऱ्या हेलिकॉप्टरचा आवाज इतरांच्या आधी त्याच्या कानी पडे, म्हणून सारे त्याला 'रडार' म्हणत. या पोराचा हेन्रीवर पित्यासारखा जीव होता. शस्त्रक्रियेच्या टेबलाशी मात्र हेन्री बदलून जाई. तेथे तो निष्णात आणि गंभीर होता.

त्या काळी अमेरिकन विनोदी मालिकांना ध्वनिमुद्रित हास्याची जोड देत असत. 'मॅश'च्या निर्मात्यांना ही प्रथा पसंत नव्हती. पण कंपनी ऐकेना. शेवटी तडजोड झाली, ती अशी की शस्त्रक्रियागृहातील प्रसंगांत हसण्याचा आवाज घालावयाचा नाही. परिणामी प्रेक्षकाच्या कानाला नकळत एक वळण लागले: तंबूत हसावयाचे, टेबलाशी गप्प राहावयाचे.

१९७५ च्या आरंभी ही भूमिका करणारा नट मॅक्लीन स्टीव्हन्सन दुय्यम स्थानाला कंटाळला आणि मालिका सोडून निघाला. एखाद्या पात्राला निरोप देण्याचे मार्ग अनेक असतात. सैनिकाची तर सोयच असते. त्याची मुदत भरली की तो घरी जातो. तिसऱ्या वर्षाच्या अखेरच्या भागात हेच घडते. हेन्रीच्या सुटकेचा हुकूम येतो, जेवणावळ होते, पिणे होते, जुन्या आठवणी निघतात. नवा कोरा मुलकी पोशाख घालून तो प्रत्येकाचा निरोप घेतो. हेलिकॉप्टरकडे वळतो तो रडार सलाम करून उभा. हेन्री परत फिरतो, त्याला सलाम करतो आणि मग घट्ट मिठीत घेतो. प्रेक्षकांचे डोळे भरून येतात. पण ते पाणी सुखाचे असते. मनुष्य घरी निघाला आहे.

भाग येथे संपला असता तर त्याची आज कोणी आठवणही काढली नसती. परंतु दिग्दर्शक लॅरी गेलबार्ट आणि निर्माता जीन रेनॉल्ड्स यांनी संहितेचे शेवटचे पान बहुतेक नटांपासून दडवून ठेवले होते. बाकीचे चित्रण उरकल्यावर ते पान त्यांच्या हाती पडले. शस्त्रक्रिया चालू आहे. रडार आत येतो. तोंडाला फडके बांधलेले नाही म्हणून त्याला कोणीतरी दटावते. तो हातातला कागद वाचतो: हेन्री ब्लेकचे विमान जपानच्या समुद्रावर पाडले गेले, कोणीही वाचले नाही. एवढेच. कोणी हंबरडा फोडत नाही. टेबलावरचा जखमी सैनिक तसाच पडलेला असतो, म्हणून हात थांबत नाहीत. फडक्यांच्या वर फक्त डोळे दिसतात. हा प्रसंग काही तांत्रिक कारणाने दुसऱ्यांदा चित्रित करावा लागला. त्या वेळी कोणाच्या तरी हातून एक शस्त्र खाली पडले, आणि त्या शांततेत त्याचा खणखणाट झाला. योजून केलेला नसलेला तो आवाज दिग्दर्शकाने तसाच राहू दिला.

मग पत्रे येऊ लागली. शेकड्यांनी आली. काहींनी धैर्याची वाखाणणी केली. पण पुष्कळ पत्रे संतापाची होती. अर्धा तास हसण्यासाठी आम्ही मुलाबाळांसह बसलो होतो, मुले रडत झोपी गेली, तुम्हाला हा अधिकार कोणी दिला, असा त्यांचा सूर होता. यापुढे ही मालिका पाहणार नाही, असेही अनेकांनी बजावले. गेलबार्ट आणि रेनॉल्ड्स यांनी यांपैकी पुष्कळांना आपल्या हाताने उत्तरे लिहिली, ही गोष्ट त्या व्यवसायाच्या रीतीभातीकडे पाहता विशेषच म्हटली पाहिजे. हेन्रीला ब्लूमिंग्टनला सुखरूप पोचवून तेथल्या क्लबात बसविणे सोपे होते, परंतु त्या युद्धातून कित्येकजण आपल्या ब्लूमिंग्टनला कधी परतलेच नाहीत, अशी रेनॉल्ड्सची भूमिका होती.

पत्रलेखकांना भाबडे म्हणून निकालात काढणे सोपे आहे, आणि तसे करणारे टीकाकारही निघाले. परंतु त्यांची तक्रार नीट ऐकण्यासारखी आहे. 'एकच प्याला' पाहावयास गेलेला प्रेक्षक सिंधूच्या मरणाने रडतो, पण फसविले गेल्याची भावना त्याच्या मनात येत नाही. पहिल्या अंकापासून नाटकाची पावले कोणीकडे पडत आहेत हे त्याला ठाऊक असते. येथे पावले उलट दिशेने पडत होती. आधी निरोप पुरा झाला, अश्रू पुसून झाले, आणि नंतर मरण आले. हे अन्यायाचे आहे, हे निरर्थक आहे, याची काही पूर्वसूचना नव्हती, असे प्रेक्षक चिडून लिहीत होते. तार हाती आलेल्या आईबापांनी याहून निराळे काय म्हटले असते? रागाच्या भरात का होईना, त्या प्रेक्षकांनी युद्धातील मृत्यूचे जे वर्णन केले, ते संहितालेखकांच्या कल्पनेइतकेच अचूक होते.

या घटनेला आणखी एक बाजू आहे, आणि ती अधिक बोचणारी आहे. हेन्री मेला त्यानंतर सतरा दिवसांनी, ४ एप्रिल १९७५ रोजी, सायगावहून अनाथ मुलांना घेऊन निघालेले एक प्रचंड अमेरिकन लष्करी विमान कोसळले आणि शंभराहून अधिक माणसे मरण पावली. त्यांत बहुसंख्य मुले होती. ३० एप्रिलला सायगाव पडले. खऱ्या मरणांची वार्ताही त्याच पेटीतून, त्याच दिवाणखान्यात येत होती. कोरियाच्या युद्धाचे तर काय सांगावे! सुमारे ३६,५०० अमेरिकन सैनिक त्यात कामास आले. मेलेल्या कोरियन माणसांची गणती लाखांनी करावी लागते. आणि तरीही अमेरिकेत त्याचे नाव पडले 'विस्मृत युद्ध'. त्या सैनिकांचे राष्ट्रीय स्मारक वॉशिंग्टनमध्ये उभे राहावयास २७ जुलै १९९५ उजाडला. कधी न जन्मलेल्या हेन्री ब्लेकसाठी देश त्याच्या वीस वर्षे आधी रडून मोकळा झाला होता.

याला दांभिकपणा म्हणणे कठोर होईल. शोकाला ओळख लागते. छत्तीस हजार ही संख्या आहे. तिला टोपी नसते, छंद नसतो, तिची भांबावलेली मुद्रा कोणी पाहिलेली नसते. हेन्री ओळखीचा होता, म्हणून त्याच्याआडून त्या हजारोंपैकी एकाचे तरी मरण एका रात्रीपुरते घरात शिरू शकले.

ते युद्ध भारतालाही अगदीच परके नव्हते. हेन्रीच्या कल्पित रुग्णालयासारखेच काम तेथे एका खऱ्या भारतीय पथकाने केले. लेफ्टनंट कर्नल ए. जी. रंगराज यांच्या नेतृत्वाखालील ६० वे पॅराशूट फील्ड अँब्युलन्स पथक १९५० च्या नोव्हेंबरात कोरियात पोचले. प्याँगयांगहून माघार घेण्याची वेळ आली तेव्हा या मंडळींनी एक जुने आगगाडीचे इंजिन मिळवून ते स्वतः चालविले आणि आपले सामान वाचविले. १९५१ च्या मार्चात मुनसान येथे अमेरिकन छत्रीधारी सैनिकांबरोबर त्यांच्यातील काहीजणांनी उड्या घेतल्या. युद्ध थांबल्यावर कैद्यांच्या रखवालीसाठी १९५३ मध्ये जे भारतीय दल गेले, त्याचे सेनापती होते कोल्हापूरकडचे मेजर जनरल शं. पां. पा. थोरात. या कामगिरीवर एखादी मालिका रचली गेली असती, तर रंगराजांच्या तंबूतील एखादा कारकून आज घरोघरी ठाऊक असता.

कल्पित मृतांना एक सवलत असते, ती म्हणजे त्यांना उठविता येते. वाचकांच्या आग्रहापुढे आणि संपादकांच्या पैशापुढे नमून कॉनन डॉइलने १९०३ साली होम्सला परत आणले. भारतात २००१ च्या सुमारास 'क्योंकि सास भी कभी बहू थी' या हिंदी मालिकेतील मिहिर विराणी अपघातात गेला, देशभर आरडाओरड झाली, आणि मिहिर परतला. हेन्रीच्या बाबतीत असे काही झाले नाही. १९७५ च्या सप्टेंबरात कर्नल पॉटर नावाचा नवा प्रमुख रुग्णालयात आला, कारभार पुढे चालू झाला, आणि पाहणार नाही म्हणणाऱ्यांपैकी बरेचजण निमूटपणे पुन्हा आपापल्या जागी येऊन बसले असले पाहिजेत. कारण २८ फेब्रुवारी १९८३ रोजी मालिकेचा शेवटचा भाग दहा कोटींहून अधिक लोकांनी पाहिला.

स्टीव्हन्सनने पुढे आणखी मालिका केल्या. एकीलाही यश आले नाही. लोकांचे प्रेम मॅक्लीन स्टीव्हन्सनवर आहे असे आपण समजलो, वस्तुतः ते हेन्री ब्लेकवर होते, अशा आशयाची कबुली त्याने नंतर दिली. १५ फेब्रुवारी १९९६ रोजी तो हृदयविकाराने वारला. १९७० च्या 'मॅश' चित्रपटात हेन्री ब्लेकची भूमिका करणारा रॉजर बोवेन त्याच्या दुसऱ्याच दिवशी, त्याच विकाराने गेला.