तबकडीविरहित संगणक

तबकडीविरहित संगणक : ज्याला स्वतःची हार्ड डिस्क म्हणजे चुंबकीय तबकडी नाही, जो चालू होताना आपली परिचालन प्रणाली जाळ्यावरील सर्व्हरकडून घेतो, पण त्यानंतरचे सर्व काम स्वतःच्या प्रक्रियकावर व स्मृतीत करतो, असा संगणक. केवळ पडदा व कळफलक पुरविणाऱ्या टर्मिनलशी त्याची नेहमी गल्लत केली जाते. टर्मिनलच्या बाबतीत आकडेमोड मध्यवर्ती यंत्र करते, तर येथे ते यंत्र केवळ भांडाराचे काम करते. हा भेद नीट न ओळखल्याने अनेक संगणककक्ष मंद चालले व दोष मात्र लिनक्सच्या माथी आला.

या प्रकाराची सुरुवात अमेरिकेत झाली. १९८२ मध्ये स्थापन झालेल्या सन मायक्रोसिस्टिम्स या कंपनीचे यूनिक्स संगणक वेगवान होते पण तबकडी महाग होती. तेव्हा एका यंत्राच्या तबकडीवरील फाइली इतरांना स्वतःच्याच असल्याप्रमाणे वापरता याव्यात, यासाठी सनने १९८४ मध्ये एनएफएस ही पद्धती तयार केली. यंत्राला स्वतःचा जाळ्यावरील पत्ता कळावा यासाठी त्याच वर्षी आरएआरपी व १९८५ मध्ये बूटपी हे संकेत प्रसिद्ध झाले. १९९३ मध्ये डीएचसीपी व १९९० च्या दशकाच्या अखेरीस इंटेलचे पीएक्सई हे मानक आले आणि साध्या जाळेपत्रिकेतही ही सोय मिळू लागली.

तिचे कार्य असे चालते : वीज मिळताच जाळेपत्रिकेतील कायम स्मृतीतला छोटा कार्यक्रम आपला ४८ बिटांचा ओळखक्रमांक जाळ्यावर सर्वांना पुकारतो. सर्व्हर त्याला पत्ता व आणावयाच्या फाइलीचे नाव कळवितो. ही फाइल टीएफटीपी या अगदी साध्या पद्धतीने येते. मूळ पद्धतीत एका वेळी ५१२ बाइट येतात व प्रत्येक तुकड्याची पोच द्यावी लागते. लिनक्सचा गाभा अशा रीतीने स्मृतीत आला, की तो सर्व्हरवरील फाइलींची मूळ प्रत केवळ वाचनासाठी जोडून घेतो. वापरणाऱ्याने केलेले बदल संगणकाच्या स्मृतीत राहतात व यंत्र बंद होताच नाहीसे होतात. त्याचे लेखन मात्र सर्व्हरवरील त्याच्या स्वतंत्र कप्प्यात जाते.

भारतात १९९० च्या दशकात नॉव्हेल नेटवेअरवर चालणारे तबकडीविरहित ‘नोड’ कार्यालयांत व प्रशिक्षणसंस्थांत रूढ होते. त्यांतही कार्यक्रम नोडवरच चालत असे. लिनक्सच्या क्षेत्रात मात्र गाडी प्रथम उलट दिशेने गेली. जिम मॅक्विलन यांनी १९९९ मध्ये सुरू केलेल्या लिनक्स टर्मिनल सर्व्हर प्रकल्पात (एलटीएसपी) सर्व कार्यक्रम सर्व्हरवर चालत व त्यांचे चित्र तेवढे टर्मिनलवर उमटे. टाकाऊ ठरलेली यंत्रे यामुळे उपयोगी पडली, हे खरेच. गोव्यात या शतकाच्या प्रारंभी गोवा स्कूल्स कॉम्प्युटर्स प्रोजेक्टने परदेशातून आणलेले वापरलेले संगणक लिनक्ससह शाळांना दिले, त्यामागेही काटकसरीचीच दृष्टी होती. परंतु वीस विद्यार्थ्यांनी एकदम ब्राउझर उघडला, की सर्व्हरची स्मृती संपे. ध्वनी व चलच्चित्रे तर अडखळतच. म्हणून यंत्रे सुधारली तसतसे कार्यक्रम स्थानिक यंत्रावर चालविण्याकडे हा प्रकल्प वळला आणि २०१९ मध्ये ग्रीसमधील आल्किस जॉर्जोपुलोस यांनी केलेल्या पुनर्रचनेत हीच त्याची मुख्य पद्धत झाली.

मराठी शाळांच्या दृष्टीने यातील लाभ खर्चाच्या बचतीपुरता नाही. २००० च्या सुमारास मुंबईत इंडलिनक्सने लिनक्सच्या भारतीय भाषांतील रूपांतराचे काम हाती घेतले. मात्र देवनागरी टंक व इनस्क्रिप्ट कळफलक प्रत्येक यंत्रावर वेगळे बसविणे एकट्या शिक्षकाच्या आवाक्यापलीकडचे असते. मूळ प्रतीत ते एकदा बसविले, की दुसऱ्या दिवशी वीसही संगणक मराठी लिहू लागतात. अशी प्रत तयार करण्यास थोडी जाणकारी लागते. सांगली-मिरज-कुपवाड परिसरात विश्रामबाग येथील वालचंद अभियांत्रिकी महाविद्यालयातील विद्यार्थ्यांचा लिनक्स गट अशा जाणकारीचा प्रसार करीत आला आहे.

या पद्धतीची मर्यादा जवळच्याच उदाहरणाने समजते. १९९८ मध्ये सुरू झालेल्या वारणा प्रकल्पात कोल्हापूर व सांगली जिल्ह्यांतील सु. ७० गावांसाठी संगणककेंद्रे योजली होती. जुनी होणारी यंत्रे गावोगावी सांभाळणे जड गेले आणि २००६-०७ मध्ये काही गावांत त्यांचे काम मोबाइलवरील लघुसंदेशांनी करून पाहण्यात आले. एका ठिकाणाहून सर्व यंत्रे चालू करणे हा त्यावर तोडगा वाटेल. पण ५६ किलोबिट वेगाच्या दूरध्वनीवरून १०० मेगाबाइट येण्यास सु. ४ तास लागतात. कक्षातील १०० मेगाबिट तारेवर तेच काम आदर्श स्थितीत ८ सेकंदांचे आहे. त्यामुळे ही व्यवस्था एका कक्षात किंवा फार तर एका इमारतीत शोभते. तेथेही सर्व्हर बंद पडला, की सगळा वर्ग थांबतो. म्हणून बॅटरीचा आधार निदान सर्व्हर व जाळ्याचे स्विच यांना तरी द्यावा लागतो.