ओझे कोठे ठेवावे?



इतिहास म्हटला की राजे, लढाया आणि तहनामे डोळ्यांपुढे येतात. आम्ही आज एका खेळण्यातील बॅटरीचा इतिहास सांगणार आहोत. आम्ही पदवीधर नव्हे. जे काही शिकलो ते हमालांच्या अड्ड्यावर आणि सार्वजनिक वाचनालयात. तेव्हा बोलण्यात काही उणे राहिले तर आपण सांभाळून घ्यावे.

आमच्या संघटनेतील एका हमालाच्या मुलाने पैसे साठवून रेडिओवर चालणारी मोटार घेतली. खऱ्या गाडीच्या एक-दशांश आकाराची, संथ गतीने दगडांवर चढणारी. तिला 'रॉक क्रॉलर' म्हणतात. एका रविवारी टेकडीवर तिची परीक्षा झाली. उभ्या दगडाला लागताच पुढची चाके उचलली जात आणि गाडी मागे उलथून पडे. मुलाला वाटले, ताकद कमी पडते. त्याने मोठी बॅटरी आणून मागच्या बाजूस बसवली. गाडी अधिकच पडू लागली. बाजूला विडी ओढत बसलेला बाप म्हणाला, "अरे, पोतं मागं लोंबत असल्यावर फळी चढशील का? पुढं घे की ते!" बॅटरी पुढच्या आसावर बांधली आणि गाडी चढली.

त्या बापाने पदार्थविज्ञान वाचले नव्हते; पण ट्रकला लावलेल्या फळीवरून चाळीस वर्षे पोती चढवली होती. चढावर भार मागच्या चाकांकडे सरकतो. म्हणून ओझे पुढे आणि होईल तितके खाली हवे. उंचावर ठेवले तर गाडी कुशीवर कलंडते. या गाडीत बॅटरी ही शक्ती आहे, तसेच ते वजनही आहे. ही दुहेरी गोष्ट ध्यानात घेतली म्हणजे तिचा इतिहास नीट उलगडतो.

व्होल्टाने १८०० साली धातूच्या चकत्यांमध्ये मिठाच्या पाण्यात भिजवलेले तुकडे घालून पहिली बॅटरी रचली. पुन्हा भारता येणारी शिशाची बॅटरी प्लांतेने १८५९ मध्ये केली. १८९८ साली न्यूयॉर्कच्या मॅडिसन स्क्वेअर गार्डनमध्ये निकोला टेस्लाने बिनतारी लहरींनी चालणारी छोटी होडी लोकांना दाखवली. बॅटरी होडीच्या पोटातच होती. होडीला तळाचे वजन मानवते. जमिनीवर चढणाऱ्या गाडीला मात्र वजन जागा पाहूनच द्यावे लागते.

पुढच्याच वर्षी, १८९९ मध्ये, स्वीडनच्या युंगनरने निकेल-कॅडमियमची बॅटरी काढली. जपानच्या तामिया कंपनीने १९७६ साली पोर्शे ९३४ ही रेडिओवर चालणारी मोटार बाजारात आणली. पुढे या छंदात १.२ व्होल्टचे सहा सेल जोडलेला ७.२ व्होल्टचा संच घरोघर रूढ झाला. त्याच कंपनीच्या १९८७ च्या 'क्लॉड बस्टर' गाडीचे आस काढून हौशी लोकांनी दगड चढणाऱ्या गाड्या घरी जुळवल्या.

परंतु कॅडमियम हे विष आहे. त्याच जपानात, तोयामा प्रांतात, खाणीतून आलेले कॅडमियम जिंझू नदीच्या पाण्यातून भातशेतीत उतरले. हाडे ठिसूळ होऊन माणसे वेदनेने कण्हत. 'इताई-इताई', म्हणजे 'दुखते, दुखते', हेच त्या रोगाचे नाव पडले. सरकारने त्याचे कारण १९६८ मध्ये मान्य केले. ते विष जस्ताच्या खाणीचे होते, बॅटरीचे नव्हे, हे आम्ही प्रामाणिकपणे सांगतो. पण धातू तोच.

नंतर निकेल-मेटल हायड्राइड आले आणि १९९१ मध्ये सोनीने लिथियम-आयन बॅटरी बाजारात आणली. गुडइनफ, व्हिटिंगहॅम आणि योशिनो यांना तिच्यासाठी २०१९ चे नोबेल मिळाले. सहा सेलांचा जुना संच सुमारे साडेतीनशे ग्रॅमचा. लिथियम-पॉलिमरचा छोटा तीन सेली संच त्याच्या निम्म्या वजनात ११.१ व्होल्ट देतो. गाडी हलकी झाली, हे खरे. पण अशा बॅटरीत बहुधा कोबाल्ट असतो, आणि जगातील बहुतेक कोबाल्ट काँगोतून येतो. तेथे हातांनी खणणाऱ्यांत लहान मुलेही आहेत, हे ॲम्नेस्टीने २०१६ च्या अहवालात जगापुढे मांडले. गाडीवरचे ओझे उतरले, ते कोणाच्या डोक्यावर गेले?

हे त्या मुलाला सांगितले तेव्हा त्याने विचारले, "काका, मग मी खेळूच नको का?" आम्ही म्हटले, खेळ, पण विचार करून निवड. लिथियम-आयर्न फॉस्फेटच्या बॅटरीत कोबाल्ट नसतो. दोन सेलांचा संच ६.६ व्होल्टचा. तितक्याच शक्तीला तो वजनाने थोडा जड. पण वजन पुढच्या आसावर असेल तर या गाडीत ते उपयोगीच पडते. वेग थोडा घटतो. दगड चढायला वेग कोणाला हवा? मात्र चार्जर त्या जातीला चालणारा हवा. प्रत्येक सेल ३.६५ व्होल्टच्या वर भरू नये. बॅटरी घट्ट पट्ट्याने बांधावी, खाली मऊ पत्रा नव्हे, प्लॅस्टिकची तबकडी आणि फोम असावा, आणि वायर फिरत्या दांड्यापासून दूर घ्यावी. जाती कोणतीही असो, फुगलेली बॅटरी वापरू नये आणि चार्जिंगला लावून घराबाहेर जाऊ नये.

एका मुलाने बॅटरी बदलली म्हणून काँगोतील खाण बदलणार नाही, हे आम्हाला कळते. महाराष्ट्रात माथाडी हमालांचा कायदा १९६९ साली झाला, तो कोणाच्या दयेने नव्हे. पोती उचलणारे एकत्र आले म्हणून झाला. काँगोतील खणणाऱ्यांनाही अखेर तोच मार्ग आहे. तोवर वस्तू विकत घेताना तिचे वजन कोण वाहतो, एवढे तरी आपण विचारावे. तो हमाल अजून अड्ड्यावर असतो. परवा मुलाची गाडी पाहून तो एवढेच म्हणाला, "आता चढतीय."