तपकिरी खुणेची कुळकथा

मानवी यकृताचा जेमतेम चार-पाच मायक्रॉन जाडीचा काप काचपट्टीवर घ्यायचा, त्यावर ठरावीक प्रथिनालाच चिकटणाऱ्या प्रतिपिंडाचे द्रावण सोडायचे, धुऊन रंग चढवायचा. काही पेशी तपकिरी होतात. ग्लुटाथायोन हे अँटिऑक्सिडंट घडवणारे एन्झाइम या पेशींत आहे, असे ती खूण सांगते.

तिचे एक कूळ ग्लुटाथायोनचे. 1888 मध्ये फ्रान्सच्या द रे-पायाद यांना यीस्टमध्ये गंधकाशी क्रिया करणारा एक पदार्थ सापडला. 1921 मध्ये केंब्रिजच्या हॉपकिन्स यांनी ग्लुटाथायोन हे नाव दिले. त्यात ग्लुटामेट, सिस्टीन आणि ग्लायसिन ही तीन अमिनो आम्ले आहेत, हे पुढे ठरले. पहिली दोन जोडते तेच खुणेतले एन्झाइम, ग्लुटामेट-सिस्टीन लायगेज, आणि उत्पादनाचा वेगही मुख्यतः तेच ठरवते. ऊती वाटून अर्क काढला की हे एन्झाइम किती ते मोजता येते. पण ते नेमके कोणत्या पेशीत होते, हे मात्र कळत नाही.

ती अडचण दुसऱ्या कुळाने सोडवली. 1890 मध्ये बर्लिनला बेरिंग आणि कितासातो यांनी प्रतिपिंडांचे बळ दाखवले, तेव्हा त्यांचा उपयोग औषध म्हणून होता. त्यांना शोधाचे साधन केले हार्वर्डच्या अल्बर्ट कून्स यांनी. रूमॅटिक तापात हृदयात होणाऱ्या गाठींत जंतूंचे अंश आहेत का, या प्रश्नाने त्यांना पछाडले होते. 1941 मध्ये त्यांनी प्रतिपिंडाला चमकणारे रंगद्रव्य जोडले. ही चमक फिकी पडे आणि ती पाहायला खास सूक्ष्मदर्शक लागे. 1966 मध्ये नाकाने आणि पियर्स यांनी रंगद्रव्याऐवजी पेरॉक्सिडेज हे रंग घडवणारे एन्झाइम जोडले, तेव्हा टिकाऊ रंग साध्या सूक्ष्मदर्शकाखाली दिसू लागला. 1975 मध्ये कोलर आणि मिल्स्टाइन यांनी एकाच जातीचे प्रतिपिंड हवे तितके बनवायची वाट काढली. ऊती टिकवण्यासाठी वापरलेल्या फॉर्मालिनमुळे प्रथिनांची जी ओळखस्थाने झाकली जात, ती काप तापवून उघडता येतात, हे शी आणि सहकाऱ्यांनी 1991 मध्ये दाखवले.

इतक्यांच्या कष्टांतून आलेली खूणही पारखूनच घ्यायला हवी. एन्झाइमचा मुख्य घटक सुमारे 73 किलोडाल्टनचा. प्रथिने आकारानुसार वेगळी करून तपासणाऱ्या वेस्टर्न ब्लॉटवर पट्टा तिथेच उमटायला हवा. त्याचे जनुक काढून टाकलेल्या पेशींतही रंग चढत असेल, तर प्रतिपिंडाची बाटली कितीही महाग असो, त्यावर निष्कर्ष उभारू नये.